सोळा, चार, चोवीस

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

टीव्हीला पासवर्ड पाहिजे म्हणे!

दुपारी दोन माणसं आली, भिंतीला चार भोकं पाडली, तो दाराएवढा टीव्ही टांगला आणि रिमोट माझ्या हातात देऊन म्हणाली, "काका, वाय-फायचा पासवर्ड सांगा." मी म्हटलं, माझ्या फोनात वाय-फाय आपोआप लागतं, पासवर्डचं मला काय ठाऊक. "मग ज्यानं टाकला त्याले विचारा," म्हणाली, सही घेतली आणि गेली. भोकांचा चुरा माझ्यासाठी ठेवून.

ज्यानं टाकला तो पुण्याला आहे. भूपेश. आमचे चिरंजीव. एप्रिलपासून मी त्याच्याशी बोलत नाही. तोही बोलत नाही.

टीव्ही काही माझ्या हौसेचा नाही. काल भूपेशला मुलगी झाली. तेवीस तारखेला, रविवारी, पुण्याला बारसं. चंद्रकलेच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात धंतोलीत झालं, आणि डॉक्टरांनी दोन महिने प्रवास बंद केला आहे. फोनवर माणसाचं तोंड तिला नुसता डाग दिसतं. म्हणून आमच्या हर्षानं उमरेडहून पैसे भरून हा टीव्ही पाठवला. आई बारसं भिंतीवर बघेल. पोरीचं डोकं चांगलं आहे. फक्त पासवर्ड पाठवायचा राहिला.

चंद्रकला बाजेवर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "लावा ना त्याले फोन. एक मिनिटाचं काम."

नाही लावणार. अकरा दिवस आहेत हातात. एवढा मोठा टीव्ही चालवतात लोक, मला आठ-दहा अक्षरं सापडणार नाहीत?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वाय-फायचा डबा भिंतीवरून काढला. खाली चिठ्ठी चिकटवलेली आहे, अक्षरं मुंगीएवढी. भिंग घेऊन वहीत उतरवली, टीव्हीत टाकली. "चुकीचा पासवर्ड." म्हणजे भूपेशनं तो बदलला. मूळचा चांगला होता की! बदलायचं काय अडलं होतं?

मग त्याची जन्मतारीख टाकली. हर्षाची टाकली. चंद्रकलेचं नाव टाकलं, माझंही टाकलं, तो माझं नाव ठेवणार नाही हे माहीत असूनही. रिमोटनं एकेक अक्षर हुडकत टाकायचं म्हणजे बोटाला फोड येते.

चंद्रकला स्वयंपाकघरातून: "झालं का?"

नाही झालं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कंपनीच्या नंबरवर फोन. एक दाबा, दोन दाबा, चार दाबा, मग बारा मिनिटं बासरी. शेवटी एक बाई आली, गोड बोलली. नवा पासवर्ड करून देते म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तिला पोरी, सुखी राहा म्हणून आशीर्वादही दिला.

मग ती म्हणाली, "सर, नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी गेला आहे. तो सांगा."

नोंदवलेला मोबाइल भूपेशचा!

म्हटलं, बाई, तो नका पाठवू. "गेला सर." म्हटलं, परत बोलवा. हसली ती. मी फोन ठेवला. आता तिकडे पुण्यात त्याच्या फोनवर तो आकडा जाऊन पडला असेल, आणि त्याला कळलं असेल की बाप काहीतरी खटपट करतो आहे. घरातली भिंत माझी, डबा माझ्या भिंतीवर, आणि किल्ली कोणाच्या खिशात!

शनिवार, १५ नोव्हेंबर

हर्षाला फोन केला. तिला पासवर्ड माहीत आहे, आवाजावरूनच कळलं. "आईनं सांगतलं आहे बाबा, मी नाही देणार. तुम्ही दादाले विचारा." मायलेकी एक झाल्या आहेत.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज टीव्हीला हात लावला नाही. बरोबर सात दिवस उरले.

एप्रिलचं इथं कधी नीट लिहिलं नाही. लिहून टाकतो.

आमच्या समोरच्या खोलीत माग होता. खड्ड्याचा माग. जमिनीत गुडघ्याएवढा खड्डा, विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो, पायानं पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा. माझ्या आज्यानं खणलेला. मी त्यावर एकोणचाळीस वर्षांचा होईपर्यंत लुगडी विणली. मग धंतोलीच्या एका दवाखान्यात चादरी-टॉवेलांच्या खोलीत वीस वर्षं नोकरी केली. पण माग काढला नाही. रोज सकाळी फळी बाजूला सारून खड्ड्यात पाय सोडून बसायचो, पेपर वाचायचो, ही वही लिहायचो. माझे गुडघे त्या बैठकीला घडलेले आहेत. खुर्चीत बसलं की दुखतात. आत्ताही दुखताहेत.

एप्रिलमध्ये भूपेश महिनाभर घरून काम करायला आला होता. मी दोन दिवस पारशिवनीला लग्नाला गेलो. परत आलो तर खड्डा नाही! बुजवला, वर चकचकीत फरश्या. मागाचं लाकूड सुताराकडे. त्या जागी टेबल, टेबलावर त्याचा कॉम्प्युटर, वर भिंतीवर हा वाय-फायचा डबा मिचमिच करतोय.

म्हणाला, "बाबा, आई पडेल म्हणून केलं."

आईचं नाव आणि स्वतःचं टेबल! मी बोलायचं ते बोललो. या घरात विचारल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही, आणि पटत नसेल तर दार उघडं आहे, असंही बोललो. त्यानं बॅग भरली. जाताना माझा फोन चार्जिंगला होता, तो हातात घेऊन दोन मिनिटं काहीतरी करत बसला. मग आईच्या पाया पडला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. माझ्या पाया पडायला आला तेव्हा मी न्हाणीत जाऊन बसलो होतो.

हे असं आहे. आता त्याला फोन करून विचारू, बाबा रे, पासवर्ड काय?

सोमवार, १७ नोव्हेंबर

रुपराव आला. मागच्या गल्लीतला. आम्ही दोघं एकाच वर्षी मागावर बसलो, तो माझ्या आधी दोन वर्षं उठला. आता त्याला मोबाइलचं वेड आहे. फोन बघून म्हणाला, "काहून गा गुलाब, रडून काहून राहिला? पासवर्ड तं तुह्याच फोनात आहे. तुह्या पोरानं टाकून देला, फोननं जपून ठेवला."

माझ्याच फोनात! सात महिने खिशात घेऊन फिरतो आहे आणि सहा दिवसांपासून भिंती चाचपतो आहे.

सेटिंग उघडलं. इंग्रजी कळेना म्हणून रुपरावनं फोन मराठी केला, तर मराठीही कळेना. शेवटी "जतन केलेली नेटवर्क" सापडलं. त्यात आमचं घर. त्यावर दाबलं. पासवर्ड होता. आठ काळे ठिपके!

आठ ठिपके. एवढंच कळलं की आठ आहेत.

रुपराव म्हणाला, थांब, "शेअर कर" दाब. दाबलं. फोन म्हणाला, बोट ठेवा. ठेवलं. ओळखत नाही म्हणाला. दुसरं ठेवलं. तेही नाही. सूत आणि दवाखान्याचं फिनाइल यांनी माझ्या बोटांवर रेघा ठेवल्याच नाहीत, रेशनच्या दुकानातही हीच कथा. मग चार आकडी नंबर मागितला. तो वहीच्या पुठ्ठ्यात लिहून ठेवलेला, तो टाकला.

आणि आला काय, तर चौकोन! काळे-पांढरे ठिपके भरलेला, चहाच्या टपरीवर पैसे द्यायला लावतात तसला. रुपराव म्हणाला, "झालं. आता हे फोननं वाच." म्हटलं, चौकोन याच फोनात आहे, हाच फोन तो वाचणार कसा? स्वतःचं कपाळ स्वतःला दिसतं का?

रुपरावचा फोन घरी चार्जिंगला होता. उद्या आणतो म्हणाला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

रुपरावनं आपला फोन आणला, माझ्या फोनातल्या चौकोनावर धरला. टिंग झालं. "लागलं गा, लागलं!"

लागलं म्हणजे त्याच्या फोनाला आमचं वाय-फाय लागलं. पासवर्ड दिसला नाही. त्याच्याही फोनात आठ ठिपके.

टीव्हीसमोर चौकोन धरून पाहिला. टीव्हीला कॅमेरा नाही. घरात एक टीव्ही आणि एक बायको, दोघांनाही दिसत नाही आणि दोघांनाही मीच दाखवायचं आहे.

मग रुपराव माझ्या ओट्यावर बसून माझ्या वाय-फायवर दीड तास कीर्तन पाहत होता. चंद्रकलेनं त्याला दोनदा चहा दिला. तिला मजा वाटते आहे. मला नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

रुपरावचा आजचा उपाय: माझ्या फोनाचंच इंटरनेट टीव्हीला द्यायचं. दिलं. समोरच्या खोलीत सिग्नलची एकच काडी. टीव्हीवर गोल फिरत राहिलं. दहा मिनिटं आम्ही तिघं त्या गोलाकडे बघत बसलो.

रुपराव गेल्यावर मी म्हटलं, तो डबा लावायला खड्डा बुजवला, निदान टीव्ही तरी चालायचा होता. चंद्रकला मटार सोलत होती, हातानं चाचपून. मान वर न करता म्हणाली, "डब्यासाठी नाही बुजवला. मी त्यात दोनदा पडले."

मी म्हटलं, कधी?

"एक संक्रांतीच्या आधी. एक होळीच्या नंतर. तुम्ही पेपर वाचून उठता आणि फळी तशीच ठेवता. मले कडा दिसत नव्हती. दुसऱ्यांदा तासभर उठता आलं नाही."

मग मला का सांगितलं नाही?

"तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही म्हणाले असते, पाहून चालावं माणसानं. भूपेशले सांगतलं. त्यालेच म्हटलं, बाबाले सांगू नको, बुजवून टाक."

खरं आहे, मी तेच म्हणालो असतो. नेमके तेच शब्द.

होळीनंतर ती महिनाभर लंगडत होती. बाजारात पाय मुरगळला म्हणाली होती. मी विश्वास ठेवला. तेल चोळून दिलं आणि पेपर वाचायला बसलो. त्याच खड्ड्यात.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सापडला!!

रुपराव कुठून तरी शिकून आला. चौकोन पडद्यावर आणायचा, त्याचा फोटो फोनातच काढायचा, आणि तो फोटो फोनालाच वाचायला सांगायचा. म्हणजे स्वतःचं कपाळ आरशात. फोटो निघाला, खाली एक खूण होती ती दाबली, आणि इंग्रजीत एक ओळ उमटली. आमच्या घराचं नाव, आणि पुढे आकडे.

रुपराव चष्मा शोधत होता. मीच वाचलं. एक, सहा, चार — आणि मी थांबलो. पुढचं वाचायची गरजच उरली नाही.

सोळा, चार, चोवीस, चार, सोळा.

रुपराव म्हणाला, "कोनाचा फोन नंबर आहे का गा?" तोही मागावर बसलेला माणूस, पण त्याला कळलं नाही. कारण हा त्याचा काठ नव्हे, माझा आहे. सोळा धागे लाल, चार पिवळे, चोवीस काळे, चार पिवळे, सोळा लाल. आमच्या घरात बापानं मुलाला द्यायचा लुगड्याचा काठ. कागदावर नसतो, तोंडी असतो. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावताना मोठ्यानं म्हणायचा आणि हातानं मोजायचा. माझ्या बापानं मला दिला. मी भूपेशला देत होतो. पोरगा नऊ वर्षांचा होईस्तोवर माझ्याजवळ बसून धागे मोजायचा, आणि मग माग थांबला, ते देणं अर्धवट राहिलं.

माग उखडला त्यानं, आणि घराला कुलूप लावलं ते या काठाचं. काय म्हणावं?

आता वीज गेली आहे. सकाळी टीव्हीत टाकतो. इथं आकड्यात लिहून ठेवतो, म्हणजे हरवणार नाही: १६४२४४१६.

झोप येईना म्हणून आणखी लिहितो. त्याला हा काठ आठवतो तर ते शेवटचं लुगडंही आठवत असेल. १९९८चं. विणकरांच्या सोसायटीला दिलेलं. तपासनीसानं टेबलावर पसरलं, दोन्ही काठ एकावर एक ठेवले आणि म्हणाला, एक काठ रुंद आहे, नापास. चारचौघांत! मी त्याला काय काय बोललो. पैसे पाहिजेत म्हणून अडवतो म्हणालो. लुगडं उचललं आणि घरी आलो. भूपेश ओट्यावर होता. त्यानं लुगडं मांडीवर घेतलं, बोटानं काठ मोजला आणि म्हणाला, "बाबा, यात दोन जास्त आहेत."

मी त्याच्या कानाखाली मारली. कोष्ट्याच्या पोटी येऊन मोजता येत नाही, म्हणालो.

त्यानंतर मी माग लावला नाही. लुगडं चंद्रकलेला दिलं. ते कधी मोजलंही नाही. मोजायचं कशाला? डोळे बांधले तरी माझा हात चोवीसला थांबतो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

"चुकीचा पासवर्ड."

सकाळपासून अकरा वेळा टाकला. वहीतून बघून टाकला, न बघता टाकला. रिमोटचे सेल बदलले. टीव्ही बंद करून चालू केला. डबा बंद करून चालू केला. चुकीचा, चुकीचा, चुकीचा.

टीव्हीच खराब दिला आहे. हर्षाला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, टीव्ही चांगला आहे. दादाले फोन करा." या घरात आजकाल दुसरं वाक्य कोणी शिकलेलंच नाही.

किंवा त्यानंच पुण्यात बसून पासवर्ड बदलला असेल. ओटीपी गेलाच होता त्याच्याकडे. पण मग माझा फोन अजून कसा चालतो? काही कळत नाही. परवा बारसं. चंद्रकलेनं आज टीव्हीवर ओला फडका फिरवला, आणि मग त्याच्यासमोर बाज ओढून नुसती बसून राहिली. काळ्या काचेसमोर.

शनिवार, २२ नोव्हेंबर

रुपराव सकाळीच आला. मी वही वाचायची आणि त्यानं रिमोट दाबायचा असं ठरलं. चुकीचा. मग तो म्हणाला, "वही ठेव बाजूले. फोनातलाच फोटो काढ." चष्मा लावून तो एकेक आकडा वाचायला लागला.

"एक. सहा. चार. दोन. सहा."

मी म्हटलं, चार.

"सहा आहे गा."

चार असणार. चोवीस आहेत.

"तुह्या मनात असतीन चोवीस. इथं सव्वीस लिहून आहे. हे पाह्य."

पाहिलं. भिंग लावून पाहिलं. सोळा, चार, सव्वीस, चार, सोळा. परवाही हेच असणार. मी अर्ध्यावर ओळखलं आणि बाकीचं हातानं लिहिलं, डोळ्यानं नाही. काल अकरा वेळा वहीत बघून टाकलं ते माझंच चोवीस.

रुपरावनं सव्वीस टाकलं. टीव्ही लागला. रंग, गाणी, सगळं भिंतीभर. रुपरावनं टाळ्या वाजवल्या. चंद्रकला एकदम पुढे झुकली, "दिसून राहिलं वं माय, दिसून राहिलं," असं पुटपुटली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. आठवडाभर घाम गाळला तो यासाठीच.

पण मला चढला तो रागच. सात महिने माझ्या भिंतीवर, माझ्या खिशात, तो "दोन जास्त आहेत" असंच म्हणत बसला होता! नऊ वर्षांचा होता तेव्हाचं, छत्तीसचा झाला तरी सोडलं नाही. माझा काठ घेतला आणि त्यात आपली चूक घालून ठेवली. मी तावातावानं हे सगळं चंद्रकलेला ऐकवलं. काठ चुकीचा, आकडा चुकीचा, आणि टीव्ही त्यालाच बरोबर म्हणतो!

तिनं आवाज बारीक केला. एवढ्यात रिमोट शिकलीही. म्हणाली, "पेटीत आहे लुगडं. मोजून पाहा."

मी म्हटलं, मोजायची गरज नाही.

"सत्तावीस वर्षं झाले, तुम्ही हेच म्हणून राहिले," ती म्हणाली. "मी अडाणी बाई, मी नेसते ते. मले एक काठ नेहमी रुंदच लागला हाताले. पण मी कशाला बोलू."

मी जेवलो नाही. रुपराव माझ्या वाट्याच्या भाकरी खाऊन गेला.

रविवार, २३ नोव्हेंबर

चंद्रकला सकाळीच आंघोळ करून टीव्हीसमोर बसली. बारशासाठी नेमकं तेच लुगडं नेसली आहे. मी भिंग घेऊन तिच्यासमोर फरशीवर बसलो, खड्डा होता त्याच जागी, आणि पदराचा काठ बोटावर धरला. हलू नको म्हटलं. हलली नाही. एका बाजूला चोवीस. दुसऱ्या बाजूला तीनदा मोजलं.

मग फोन घेतला आणि भूपेशला लावला. हॅलो वगैरे काही सुचलं नाही. म्हटलं, "सव्वीस आहेत."

तिकडून पाळणा हलल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "बाबा, आईले टीव्हीसमोर बसवा. आणि तुम्हीही बसा. तुमच्यासाठी थांबून राहिलो आहो."